घड्याळाच्या केसचा आकार

मनगटी घड्याळाचे यंत्र ज्या धातूच्या कवचात बसते त्याला केस म्हणतात. तिचा व्यास चावी सोडून, मिलिमीटरमध्ये मोजतात. अभिजात, महागड्या घड्याळांत दोन-तीन मिमीनेही रूप पालटते, कारण डोळ्यात भरते ते क्षेत्रफळ. ३६ मिमीची केस ४० ची केली की दर्शनी भाग सुमारे २३ टक्के वाढतो.

पाटेक फिलिप या स्विस कंपनीचे १९३२ चे कालात्रावा हे घड्याळ जेमतेम ३१ मिमीचे होते, तर रोलेक्सचे १९४५ चे डेटजस्ट ३६ मिमीचे. १९७२ मध्ये ओदमार पिगेचे रॉयल ओक ३९ मिमीत आले, तेव्हा ते इतके मोठे वाटले की त्याला ‘जंबो’ हेच नाव पडले. पुढे ४२-४४ मिमीची लाट आली आणि ओसरलीही : रोलेक्सने एक्सप्लोरर २०१० मध्ये ३६ वरून ३९ वर नेले, २०२१ मध्ये पुन्हा ३६ वर आणले.

मोठ्या केसमध्ये जुनेच लहान यंत्र बसवले, तर तारखेची खिडकी तबकडीच्या कडेपासून आत, मध्याकडे सरकलेली दिसते. एकदा ती नजरेत आली की खटकतच राहते. लहान केसमध्ये काटे, आकडे आणि मोकळी जागा एकमेकांना धरून असतात. अभिजात घड्याळाची खरी शोभा या प्रमाणात आहे, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

नागपुरात याला हवामानाचीही जोड आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, उन्हाने मनगट किंचित फुगते आणि जानेवारीत बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, घालून पाहिलेले घड्याळ आता रुतू लागते. जड, रुंद केसखाली घाम साचतो. हिवाळ्यातल्या लग्नांत कोटाची बाही जाड केसवर अडते. इथल्या अनेक घरांत कपाटात जपलेले वडिलांचे एचएमटी जनता साधारण ३५ मिमीचे असते. ते आजच्या तरुण मनगटावरही सहज बसते.

निवड करताना व्यासाइतकेच पट्टा अडकवायचे कान पाहावेत. वरच्या कानाच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतचे अंतर मनगटाच्या सपाट भागापेक्षा कमी हवे. हा भाग ५० मिमी असेल आणि कान ५२ मिमीचे असतील, तर टोके दोन्ही बाजूंना अधांतरी राहतात, मग व्यास कितीही असो.