मुंबईच्या पोटातले साडेतेहतीस किलोमीटर

कफ परेडला जिना उतरून मेट्रोत बसलं, की साधारण तासाभरात आरेच्या झाडीजवळ बाहेर पडता येतं. मधलं अंतर ३३.५ किलोमीटर, स्थानकं २७. त्यातलं आरे तेवढं जमिनीवर, बाकीची २६ पोटात. मुंबई मेट्रोची ही तिसरी मार्गिका, म्हणजे अ‍ॅक्वा लाइन, ९ ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण लांबीवर धावते आहे. खिडकीतून प्रवाशाला काळोखाशिवाय काही दिसत नाही. पण बोगद्याच्या त्या काँक्रीटच्या भिंतीपलीकडे जे आहे, त्यानेच या मार्गाचा खर्च, वेळ आणि बांधणीची पद्धत ठरवली. कुठे काळा पाषाण, कुठे माणसाने समुद्रात टाकलेली भरणी, आणि दोन्हीकडे पाणी.

आधी वाट कुठून जाते ते बघू. मुंबईची लोकल दीडशेहून अधिक वर्षं उत्तर-दक्षिण धावते आहे, पण शहरातल्या कितीतरी गजबजलेल्या भागांना ती बगल देते. नरिमन पॉइंटची कार्यालयं, काळबादेवीचा बाजार, गिरगाव, वरळी, वांद्रे-कुर्ला संकुल, विमानतळाची दोन्ही टर्मिनलं, मरोळची औद्योगिक वसाहत, सीप्झ हे निर्यात उद्योगांचं संकुल. यातल्या बहुतेक ठिकाणी लोकलमधून उतरून थेट चालत पोचणं एक तर अशक्य, नाही तर दमवणारं. भुयारी मार्गाने नेमकी हीच ठिकाणं एका दोऱ्यात ओवली, आणि जाता जाता चर्चगेट, सीएसएमटी, मुंबई सेंट्रल, दादर यांनाही हात लावला. जमिनीवर असा मार्ग काढायला जागाच नव्हती. गिरगावच्या रस्त्यांवर मेट्रोचे खांब कुठे रोवणार?

मुंबई सेंट्रलच्या मेट्रो स्थानकाला जगन्नाथ शंकरशेट यांचं नाव दिलं आहे. हे फार योग्य झालं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, ती रेल्वे मुंबईत यावी म्हणून सुरुवातीपासून झटणाऱ्यांत नाना शंकरशेट होते. स्थानकांच्या यादीत पुढे हुतात्मा चौक आहे, आचार्य अत्रे चौक आहे. संयुक्त महाराष्ट्राचा लढा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही नावं ओळीने ऐकताना बरं वाटतं.

आता जमिनीकडे येऊ. मुंबईचा पाया ज्वालामुखीने घातला. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थरावर थर पसरले, त्याच काळातली ही गोष्ट. पण सह्याद्रीत दिसतो तसा एकसारखा बेसॉल्ट इथे नाही. लाव्हाबरोबर राख पडली, दगडांचे तुकडे राखेत मिसळून घट्ट झाले, मधल्या शांत काळात उथळ तळी तयार झाली आणि त्यांच्या तळाशी गाळ बसून शेल नावाचा पातळ पापुद्र्यांचा खडक बनला. वरळीच्या टेकडीतल्या अशाच गाळाच्या खडकात छोट्या बेडकांचे जीवाश्म सापडले, आणि एकोणिसाव्या शतकातच त्यांचं शास्त्रीय वर्णन झालं. मेट्रोच्या बोगद्याला हे सगळे खडक आलटून पालटून भेटतात. पोलादाला दाद न देणारा बेसॉल्ट, त्याहून मऊ ब्रेक्सिया, म्हणजे राखेत दगडांचे तुकडे मिसळून झालेला खडक, आणि पाणी लागलं की ढासळणारा शेल.

खडकाच्या वर माणसाची करणी आहे. सात बेटांची मुंबई आपण शाळेत शिकतो, पण हा मार्ग त्या बेटांमधल्या बुजवलेल्या पाण्याखालून कसा जातो ते नकाशावर बोट ठेवून बघण्यासारखं आहे. कफ परेड आणि विधान भवन ही स्थानकं जिथे आहेत, तिथे पूर्वी बॅकबेचा समुद्र होता. हुतात्मा चौकात, जिथे फ्लोरा फाउंटन उभं आहे, तिथे किल्ल्याचं चर्चगेट नावाचं दार होतं. महालक्ष्मी आणि सायन्स सेंटरच्या आसपासचा सखल भाग भरतीच्या पाण्याखाली जायचा. अठराव्या शतकाच्या अखेरीस हॉर्नबी वेलार्डचा बांध घालून वरळीची खाडी अडवली, तेव्हा कुठे ती जमीन वापरात आली. पुढे धारावी आणि वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मधे बोगदा मिठी नदीच्या पात्राखालून जातो आणि साष्टीत, म्हणजे उपनगरांच्या बेटावर, शिरतो.

या जमिनीत बोगदा खणण्यासाठी १७ यंत्रं आणली. टनेल बोअरिंग मशीन हे त्यांचं नाव, बोलताना सगळे टीबीएमच म्हणतात. त्यांना नावं दिली नद्यांची: गोदावरी, कृष्णा, वैतरणा, तानसा, सूर्या, वैनगंगा. २०१७ मध्ये बोगद्याचं काम सुरू झालं. २४ सप्टेंबर २०१८ ला वैनगंगा मरोळकडून सुमारे सव्वा किलोमीटर खणत आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या स्थानकात बाहेर पडली, तो पहिला टप्पा. शेवटचा, बेचाळिसावा, ३० नोव्हेंबर २०२२ ला पूर्ण झाला. जाण्याचा आणि येण्याचा बोगदा वेगळा, म्हणून खणाई पन्नास किलोमीटरच्याही पुढे गेली.

यंत्र काम कसं करतं? पुढे साडेसहा मीटरच्या आसपास व्यासाची पोलादी तबकडी असते, तिच्यावर कडक पोलादाच्या फिरत्या चकत्या. चकती दगड कापत नाही. ती प्रचंड दाबाने दगडावरून लोळते, दाबाखाली दगडात बारीक भेगा जातात, आणि शेजारच्या चकतीच्या भेगा त्यांना येऊन मिळाल्या की मधली कपची निखळते. बेसॉल्टमध्ये चकत्या लवकर झिजतात आणि बदलाव्या लागतात. माझ्या मते खरी परीक्षा असते ती जिथे तबकडीच्या खालच्या अर्ध्यात दगड आणि वरच्या अर्ध्यात माती किंवा भरणी येते तिथे. खालचा भाग अडतो, वरची माती मात्र भसाभस आत येऊ बघते. तसं झालं तर वरचा रस्ता खचेल. म्हणून तबकडीमागची खोली खणलेल्या मातीनेच भरलेली ठेवतात आणि तिचा दाब समोरच्या माती-पाण्याच्या दाबाइतका राखतात. राडारोडा बाहेर काढणारं लांब मळसूत्र किती वेगाने फिरवायचं, यावर तो दाब सांभाळला जातो. चालकाचं अर्धं लक्ष सतत त्या आकड्यावर असतं.

यंत्राच्या शेपटीत बोगद्याची भिंत तयार होते. कारखान्यात ओतलेले काँक्रीटचे वक्र तुकडे आत आणून एकेक जागेवर उचलतात, बोल्टने जोडतात, आणि शेवटी पाचरीसारखा छोटा तुकडा सरकवला की कडं पूर्ण होतं. कड्याची रुंदी सुमारे दीड मीटर, जाडी वीतभराहून थोडी जास्त, आतला व्यास पावणेसहा मीटरच्या जवळपास. तुकड्यांच्या सांध्यात रबरी पट्ट्या असतात, त्या दाबल्या गेल्या की पाणी अडतं. कडं आणि खडक यांच्यातली पोकळी लगेच सिमेंटच्या पातळ गिलाव्याने भरतात. मग यंत्र त्याच नव्या कड्यावर पाय रोवून स्वतःला पुढे रेटतं. दीड मीटर पुढे, एक कडं, पुन्हा दीड मीटर.

बोगदा यंत्राने झाला, तरी स्थानकं वेगळीच गोष्ट. जिथे वर मैदान किंवा रुंद रस्ता होता, तिथे वरून खड्डा खणून स्थानक बांधलं आणि मग वर छत घालून रस्ता परत दिला. काळबादेवी, गिरगाव, ग्रँट रोड इथे ते पूर्णपणे शक्यच नव्हतं. वर दाटीने उभ्या जुन्या इमारती. म्हणून तिथे बाजूला एक विहिरीसारखा खड्डा उतरवला आणि खालून आडवे पोखरत फलाट काढले. थोडंसं खोदायचं, उघड्या पडलेल्या खडकावर लगेच काँक्रीटचा फवारा मारायचा, लांब पोलादी खिळे खडकात ठोकायचे, तो किती हलला ते मोजायचं, मगच पुढचं पाऊल. ही कामगिरी मला बोगद्याच्या यंत्रांपेक्षाही मोठी वाटते, कारण इथे प्रत्येक मीटरला माणसाला निर्णय घ्यावा लागतो.

वर राहणाऱ्यांसाठी मात्र हा काळ सोपा नव्हता. बोगदा खणला की वरची जमीन थोडी तरी बसते. अगदी मध्यावर सर्वांत जास्त, दोन्ही बाजूंना कमी कमी होत जाते. सगळी इमारत सारखी खाली गेली तर फारसं बिघडत नाही. एक कोपरा गेला आणि दुसरा राहिला, तर भिंतीला तिरपी चीर पडते. म्हणून मार्गावरच्या इमारतींची आधीच पाहणी झाली, जुन्या चिरांची नोंद झाली, भिंतींवर उपकरणं लावली. चिरेच्या दोन्ही कडांना चिकटवलेली एक पारदर्शक पट्टी, तिच्यावर मिलिमीटरची बारीक जाळी आणि लाल फुली. फुली जाळीवर कुठे सरकली ते वाचलं की चीर वाढली की तशीच आहे हे कळतं. इतकं साधं उपकरण, पण लाकडी बरग्यांवर उभ्या चाळींच्या बाबतीत त्याच्या वाचनाला फार किंमत होती.

तक्रारी न्यायालयातही गेल्या. रात्रीच्या कामाच्या आवाजावरून कुलाबा भागातून याचिका झाली, आणि २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रात्रीच्या कामाला मनाई केली. फोर्टमधल्या जुन्या पेटिट ग्रंथालयाने हादऱ्यांचा प्रश्न मांडला. काळबादेवी भागातल्या आतशबेहरामांच्या, म्हणजे पारशांच्या अग्निमंदिरांच्या, खालून बोगदा जाऊ नये, अशीही याचिका झाली. तिथे प्रश्न भिंतींबरोबर श्रद्धेचाही होता. गिरगाव-काळबादेवीत स्थानकांसाठी काही चाळी पाडाव्या लागल्या, त्यांतल्या कुटुंबांचं त्याच भागात पुनर्वसन करण्याचं धोरण ठरलं. या सगळ्या वादांमुळे काम लांबलं हे खरं. पण हादरे कमी करणाऱ्या रुळांचा आग्रह धरला गेला, त्यात या लोकांचा वाटा आहे असं मी मानतो. या मार्गावर रूळ काँक्रीटच्या सुट्या ठोकळ्यांवर बसवले आहेत आणि प्रत्येक ठोकळा रबरी आवरणात आहे. चाकांचा हादरा त्या रबरातच मुरतो.

आरेचा वाद याहून तीव्र झाला. गाड्या उभ्या करायला, धुवायला, दुरुस्त करायला डेपो लागतो आणि त्यासाठी आरेची जागा ठरली. ऑक्टोबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्यावर रातोरात दोन हजारांहून अधिक झाडं तोडली गेली, लोक रस्त्यावर उतरले, अटका झाल्या, आणि ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली. २०२० मध्ये डेपो कांजूरमार्गला नेण्याचा निर्णय झाला, त्याला न्यायालयात स्थगिती मिळाली, २०२२ मध्ये नव्या सरकारने तो परत आरेला आणला. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, परवानगी होती त्याहून जास्त झाडं तोडू पाहिल्याबद्दल मेट्रो महामंडळाला १० लाख रुपयांचा दंडही केला. या ओढाताणीत वर्षं गेली. सुरुवातीला २३,१३६ कोटी रुपयांचा असलेला प्रकल्प ३७,२७६ कोटींवर गेला. मेट्रो हवीच होती. पण ती रात्रीची कुऱ्हाड टाळता आली असती, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

राहिलं पाणी. मुंबईत थोडं खणलं की पाणी लागतं, आणि भुयारी स्थानक म्हणजे त्या पाण्यात बुडवलेली एक मोठी पोकळ पेटी. रिकामी कळशी हौदात सरळ दाबून बघा, ती हाताला वर ढकलते. स्थानकाचंही तेच होतं. भूजलाच्या पातळीखाली २० मीटरवर स्थानकाचा तळ असेल, तर प्रत्येक चौरस मीटरवर पाणी साधारण २० टनांच्या जोराने वर रेटतं. त्याला दाबून धरायला स्थानकाचं स्वतःचं वजन, छतावरची माती आणि भिंतींचं खडकाशी घर्षण उपयोगी पडतं. जिथे ते पुरत नाही, तिथे तळ खडकाला खिळवून ठेवतात. बांधकाम चालू असताना खड्ड्यातलं पाणी उपसावं लागतं, पण बेताबेताने. भोवतालची भूजलाची पातळी फार उतरली, की भरणीची माती आवळते आणि शेजारची इमारत खचते. म्हणून आधी खड्ड्याभोवती पाणी अडवणाऱ्या भिंती उतरवतात, उपसा नंतर.

पावसाचं पाणी मात्र वरून, दारातून येतं. मार्ग तीन टप्प्यांत उघडला. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल, मे २०२५ मध्ये तिथून आचार्य अत्रे चौक, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेड. दुसरा टप्पा उघडून तीन आठवडेही झाले नव्हते, तोच २६ मे २०२५ ला मुंबईत मोसमी पाऊस विक्रमी लवकर आला आणि आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरलं. फलाटापर्यंत गढूळ पाणी आल्याची दृश्यं सगळ्यांनी पाहिली. तिथल्या एका प्रवेशद्वाराचं काम अजून चालू होतं, आणि पाणी थोपवायला बांधलेली तात्पुरती भिंत त्या पावसात कोसळली. वरळी ते अत्रे चौक सेवा काही दिवस बंद राहिली.

पूर्ण झालेल्या दारांवर आधी दोन-चार पायऱ्या चढून मग खाली उतरावं लागतं. ज्येष्ठांना त्या नकोशा वाटतात, पण रस्त्यावर पाणी तुंबलं तर ते आत येऊ नये म्हणून प्रवेशद्वाराची पातळी मुद्दाम उंच ठेवलेली असते. आत आलंच, तर फलाटाखालच्या टाक्यांत जमा होऊन पंपांनी बाहेर जातं. कफ परेडपर्यंत मार्ग सुरू झाल्यानंतरचा पहिला पावसाळा २०२६ चा. हॉर्नबी वेलार्डने अडवलेल्या त्या सखल पट्ट्यात, महालक्ष्मी आणि सायन्स सेंटरला, भरतीच्या वेळी धो धो पाऊस आला की पंप किती वेळ चालतात, याची नोंद महामंडळाने लोकांसमोर ठेवावी, अशी माझी मागणी आहे.