सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन

महाराष्ट्रात पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी २०१० सालापासून लागू झालेली मूल्यमापन पद्धती. वर्षाच्या शेवटी एकदाच तपासायचे नाही, वर्षभर पाहत राहायचे, हे ‘सातत्यपूर्ण’. आणि फक्त पाठांतर व लेखन न पाहता मुलाची वाढ सगळ्या अंगांनी पाहायची, हे ‘सर्वंकष’. शिक्षकांच्या तोंडी मात्र ‘सीसीई’ (कंटिन्युअस अँड कॉम्प्रिहेन्सिव्ह इव्हॅल्युएशन) हाच शब्द रुळला आहे.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा या पद्धतीचा कायदेशीर पाया. तो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम २९मध्ये अभ्यासक्रम कसा असावा आणि मूल्यमापन कसे असावे, या दोन्ही गोष्टी एकत्रच सांगितल्या आहेत. काय शिकवायचे हे ठरवताना ते आले की नाही हे कसे ओळखायचे, याचाही विचार व्हायला हवा, हा त्यातला अर्थ. कलम १६ने कोणत्याही मुलाला त्याच वर्गात मागे ठेवायला मनाई केली. महाराष्ट्र शासनाने २० ऑगस्ट २०१० च्या निर्णयाने राज्याची तपशीलवार योजना जाहीर केली.

योजनेत मूल्यमापनाचे दोन भाग आहेत. शिकणे चालू असताना होते ते आकारिक, सत्राच्या अखेरीस होते ते संकलित. या जोडीची कल्पना मायकेल स्क्रिव्हन या अभ्यासकाने १९६७ मध्ये मांडली होती. दोन्ही भागांचा भारांश इयत्तेनुसार बदलतो. पहिली-दुसरीत आकारिकला ७० टक्के आणि संकलितला ३० टक्के, तिसरी-चौथीत ६० आणि ४०, पाचवी-सहावीत निम्मे-निम्मे आणि सातवी-आठवीत ४० आणि ६०. मूल मोठे होत जाते तसे लेखी परीक्षेचे वजन वाढते. कला, कार्यानुभव व शारीरिक शिक्षण हे विषय पूर्णपणे आकारिक आहेत. गुणांचे रूपांतर अ-१ पासून इ-२ पर्यंतच्या नऊ श्रेणींत होते.

आकारिक मूल्यमापनासाठी आठ साधनतंत्रे दिली आहेत: दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय व वर्गकार्य आणि ‘इतर’. मुलाने स्वतःचे किंवा सोबत्याचे काम तपासणे हे या शेवटच्या गटात येते. खरे तर यांतले नवे असे थोडेच. फळ्यापाशी उभ्या केलेल्या मुलाला ‘हे उत्तर कसं आलं, सांग बरं’ असे विचारणारे गुरुजी आणि बाई पूर्वीही होतेच. फरक इतकाच की त्या प्रश्नाला आता कागदावर जागा मिळाली.

या पद्धतीचे मर्म समजायला एक वजाबाकी पुरेशी आहे. ५२ मधून २७ वजा करताना एखादे मूल ३५ असे उत्तर लिहिते. जुन्या हिशेबाने ही फुली आणि शून्य गुण. पण त्याची आकडेमोड नीट पाहिली तर दिसते, की एककात २ मधून ७ जात नाहीत म्हणून त्याने ७ मधून २ काढले. दशकाची वजाबाकी बरोबर केली. म्हणजे त्याला वजाबाकी येते. दशक सोडवून दहा सुटे करणे मात्र कळलेले नाही. वर्गातल्या सहा-सात मुलांची चूक अशीच निघाली, तर उद्याचा तास पुढच्या धड्यावर न नेता काड्यांच्या गठ्ठ्यांवर न्यायचा, हा निर्णय म्हणजेच आकारिक मूल्यमापन. मुलाची श्रेणी कोणती, हा प्रश्न त्यानंतरचा.

असा निर्णय घ्यायचा तर शिक्षकाला धड्याचा हेतू आधी ठाऊक हवा. अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ राल्फ टायलर यांनी १९४९ मध्येच अभ्यासक्रमरचनेची सुरुवात उद्दिष्टांपासून करावी आणि शेवट ती साधली का हे तपासून व्हावा, अशी मांडणी केली होती. महाराष्ट्रात १९९५च्या प्राथमिक अभ्यासक्रमाने हाच धागा क्षमतांच्या, म्हणजे मुलाला काय करता आले पाहिजे याच्या, रूपाने धरला. त्यानंतरचा मोठा बदल ‘प्राथमिक शिक्षण अभ्यासक्रम २०१२’चा, त्यावरची पहिली-दुसरीची पाठ्यपुस्तके २०१३ मध्ये आली. २०१७ नंतर ‘अध्ययन निष्पत्ती’, म्हणजे शिकल्यावर मुलाला काय यायला हवे, हा शब्द प्रचारात आला आणि पाठ्यपुस्तकांतही त्यांच्या याद्या छापल्या जाऊ लागल्या. वार्षिक नियोजन, घटक नियोजन, टाचण (रोजच्या पाठाची आखणी) आणि प्रश्नपत्रिकेचा संविधान तक्ता (कोणत्या उद्दिष्टाला व घटकाला किती गुण, याचा आराखडा) ही सगळी कागदपत्रे मुळात एकाच साखळीतली. उद्दिष्टात ‘कारणे शोधतो’ आणि प्रश्नपत्रिकेत ‘रिकाम्या जागा भरा’ असे झाले की ती साखळी तुटते. आणि ती बहुधा प्रश्नपत्रिकेपाशीच तुटते.

व्यवहारात पद्धतीचा मोठा भाग नोंदवहीने खाल्ला. प्रत्येक मुलाविषयी विशेष प्रगती, आवड-छंद आणि सुधारणा आवश्यक अशा वर्णनात्मक नोंदी करायच्या असतात. पाचवीच्या वर्गात ४० मुले आणि नऊ विषय धरले, तर एका सत्रात विषयनिहाय नोंदीच ३६० होतात. मग तयार नोंदींच्या याद्या हातोहात फिरू लागल्या. ‘परिसरातील घटकांची माहिती सांगतो’ यासारखे वाक्य कोणत्याही मुलाला लागू पडते, म्हणूनच त्यातून एकाही मुलाविषयी काही कळत नाही. पालकांची तक्रार वेगळीच होती. त्यांच्या लेखी ‘परीक्षा नाही, सगळे ढकलपास’. वास्तविक योजनेत परीक्षा होती आणि मागे पडलेल्यांसाठी पूरक मार्गदर्शनही सांगितले होते. नापास करणे थांबले ते दिसले, पूरक तास फारसे दिसले नाहीत, त्यामुळे हा समज पसरला.

२०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाने राज्यभर एकसारख्या पायाभूत (वर्षारंभीच्या) व संकलित चाचण्या आणल्या आणि शिक्षकाच्या निरीक्षणाबरोबर बाहेरून आलेल्या प्रश्नपत्रिकेलाही वजन आले. २०१९ मध्ये केंद्राने कायद्यात दुरुस्ती करून पाचवी व आठवीत मुलांना मागे ठेवण्याची मुभा राज्यांना दिली. महाराष्ट्राने ती वापरली आणि २०२३-२४ पासून या दोन इयत्तांना वार्षिक परीक्षा आणि अनुत्तीर्ण झाल्यास पुनर्परीक्षा लागू केली. या परीक्षेत प्रत्येक विषयाला पाचवीसाठी ५० आणि आठवीसाठी ६० गुण ठेवले आहेत. हे आकडे २०१० च्या योजनेतील संकलित मूल्यमापनाच्या टक्केवारीशी जुळतात.