ठाणे जिल्ह्यातील ग्रामीण रस्ते आणि देखभालीचा निधी : पार्श्वभूमी

मुरबाड किंवा शहापूर तालुक्यातील गावरस्ता पावसाळ्यात कसा खराब होतो, हे जवळून पाहण्यासारखे आहे. आधी कडेचे गटार माती आणि पाल्याने बुजते, मग पाणी रस्त्याखालच्या मोरीकडे न वळता डांबरावरून वाहू लागते, साइडपट्टी खचते, कडेचे डांबर वीतभर, हातभर तुटत जाते आणि भातलावणी उरकेपर्यंत खालची खडी उघडी पडते. गटार मे महिन्यातच उपसले असते, तर यातील बरेचसे टळले असते. या कामाला मोठी रक्कम लागत नाही, पण ती दरवर्षी न चुकता लागते. आणि रस्तेनिधीच्या इतिहासात नेमकी हीच रक्कम नेहमी शेवटी विचारात घेतली गेली, असे माझे मत आहे.

मोटारी वाढल्या आणि रस्त्यांचा भार प्रांतांना व स्थानिक मंडळांना पेलवेना, तेव्हा १९२७ मध्ये बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तिच्या शिफारशीवरून पेट्रोलवर जादा कर बसला आणि १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. पुढे १९४३ च्या नागपूर योजनेने राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा आणि ग्रामीण अशी रस्त्यांची प्रतवारी ठरवली. रस्त्याचा धनी कोण आणि त्याचा खर्च कोणी करायचा, हे आजही या प्रतवारीवरूनच ठरते.

१ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. राज्य मार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग सर्वसाधारणपणे सार्वजनिक बांधकाम विभागाकडे राहिले, तर इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग परिषदांकडे आले. रस्त्यांची लांबी मोठी आणि स्वतःचे उत्पन्न तुटपुंजे, त्यामुळे परिषदेची भिस्त राज्याच्या अनुदानावर आणि जिल्हा नियोजन समितीच्या मंजुरीवर राहिली. गावोगावचे सरपंच आजही ‘३०५४ मधून’ किंवा ‘२५१५ मधून’ काम मिळाले असे सांगतात. लेखाशीर्षाचे, म्हणजे सरकारी अंदाजपत्रकातील खर्चाच्या खात्यांचे, आकडे असे बोलीत रुळले आहेत.

१९७२ च्या दुष्काळाने राज्यात रोजगार हमीला बळ दिले आणि तिचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. कित्येक गावांचा पहिला मातीचा वा खडीचा रस्ता याच कामांतून झाला. मात्र योजनेचा हेतू हाताला काम देण्याचा होता. झालेल्या रस्त्याची पुढे निगा कोण राखणार, हा प्रश्न तिच्या कक्षेत फारसा आलाच नाही.

२५ डिसेंबर २००० रोजी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. डिझेलवरील उपकराचा वाटा तिला मिळाला, आणि जोडरस्ता नसलेल्या, सपाटीवर ५०० तर आदिवासी व डोंगरी भागात २५० लोकसंख्येच्या वस्त्या तिच्यात घेतल्या गेल्या. संपूर्ण शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात असल्याने हा निकष येथे मोलाचा ठरला, तरी २५० च्या आतले लहान पाडे सुटलेच, आणि तेथे आजारी माणसाला झोळीतून रस्त्यापर्यंत आणावे लागते. या योजनेची खरी देणगी मला दुसरीच वाटते : रस्ता झाल्यावर पाच वर्षे देखभालीची जबाबदारी ठेकेदाराच्या करारातच घातली गेली. २०१५ मध्ये या योजनेच्या खर्चातील केंद्राचा वाटा ६० टक्क्यांवर आला, त्याच वर्षी राज्याने मुख्यमंत्री ग्रामसडक योजना आणली. सहाव्या वर्षापासून मात्र रस्ता पुन्हा अनुदानाची वाट पाहू लागतो.

ठाण्यात याला हद्दींच्या फेरबदलांची जोड आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाला आणि ठाणे जिल्हा परिषदेकडे शहापूर, मुरबाड, भिवंडी, कल्याण व अंबरनाथ एवढेच तालुके उरले. कल्याण-डोंबिवलीतील २७ गावे १९८३ मध्ये महापालिकेत आली, २००२ मध्ये बाहेर पडली आणि २०१५ मध्ये परत आत आली. नवी मुंबईलगतची १४ गावे २००७ मध्ये महापालिकेतून वगळण्यात आली आणि २०२४ मध्ये पुन्हा तिच्याकडे सोपवण्याचा निर्णय झाला. गाव एका संस्थेकडून दुसरीकडे गेले की रस्त्याची नोंद बदलते, पण डागडुजीची तरतूद सोबत जात नाही. नवी संस्था ती पुढच्या अंदाजपत्रकात करते आणि मधे एखादा पावसाळा येऊन जातो.