बँक ओळख संकेतांक

आंतरराष्ट्रीय वित्तसंदेशांत बँक ओळखण्यासाठी वापरला जाणारा ८ किंवा ११ स्थानांचा संकेतांक. व्यवहारात तो ‘स्विफ्ट कोड’ म्हणून परिचित आहे. स्विफ्ट ही सहकारी संस्था बेल्जियममध्ये १९७३ साली स्थापन झाली व १९७७ पासून तिची संदेशसेवा सुरू झाली. आयएसओ ९३६२ या मानकानुसार संकेतांकांची नोंदणी तीच करते. या जाळ्यातून पैसा जात नाही, संदेश जातो. जमा-नावे होते ते बँकांच्या परस्परांकडील नोस्ट्रो खात्यांत, म्हणजे एका बँकेने दुसऱ्या बँकेत ठेवलेल्या खात्यांत.

पहिली चार अक्षरे संस्थेची, पुढची दोन देशाची, भारतासाठी ‘आयएन’. सातवे-आठवे स्थान पूर्वी ठिकाणदर्शक मानले जाई. मुंबईच्या अनेक बँकांच्या संकेतांकातील ‘बीबी’ बहुधा ‘बॉम्बे’वरून आले असावे. मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीने मात्र ही स्थाने संस्थेच्याच संकेताचा उत्तरभाग ठरवली. त्यामुळे त्यांवरून शहर ओळखणे आता ग्राह्य धरू नये, जरी अनेक माहितीपत्रकांत जुनाच अर्थ छापला जातो. शेवटची तीन स्थाने ऐच्छिक व शाखादर्शक. तेथे ‘एक्सएक्सएक्स’ असल्यास मुख्य कार्यालय.

ठाणे, वाशी, बेलापूर येथील अनेक शाखांना स्वतंत्र संकेतांक नाही. संदेश बँकेच्या मुंबईतील परकीय चलन विभागाकडे येतो आणि तेथून खाते क्रमांकावरून रक्कम शाखेतील खात्यात वळते. म्हणून पाठवणाऱ्यास पासबुकातील नाव, पूर्ण खाते क्रमांक आणि बँकेने सांगितलेला संकेतांक द्यावा. शाखेचा संकेतांक अंदाजाने जुळवू नये. परकीय चलनाचा परवाना नसलेल्या सहकारी बँकेत खाते असल्यास परवानाधारक मध्यस्थ बँकेचा संकेतांक व अंतिम खात्याचा तपशील, दोन्ही लागतात.

सर्वांत नेहमीची चूक आयएफएससीशी (देशांतर्गत हस्तांतरणासाठीच्या शाखा-संकेतांकाशी) गल्लत करण्याची, कारण तोही ११ स्थानांचा. ओळखण्याची खूण पाचव्या स्थानी: आयएफएससीत तेथे शून्य असते, बँक ओळख संकेतांकात देशाचे अक्षर. आयबान (आंतरराष्ट्रीय बँक खाते क्रमांक) भारतात नाही. संकेतांक अचूक असूनही नाव जुळले नाही किंवा रक्कम कशासाठी आली याचा रिझर्व्ह बँकेने ठरवलेला हेतू-संकेत दिला नाही, तर जमा अडते. रक्कम परत गेल्यास मधल्या बँकांचे शुल्क सहसा वजा होते. ‘एसएचए’ या, शुल्क पाठवणारा व घेणारा यांनी वाटून घेण्याच्या पर्यायात मध्यस्थ बँका वाटेतच शुल्क कापू शकतात. टीटीसी (ठाणे-बेलापूर) औद्योगिक पट्ट्यातील निर्यातदारांच्या बिलात त्यामुळे तूट दिसते. शोध घेण्यास ३६ स्थानांचा यूईटीआर (त्या व्यवहाराचा स्वतंत्र ओळख) क्रमांक पाठवणाऱ्या बँकेकडून मागावा.