ट्रेनिंग झालं, पण फर्म शिकली का?

ट्रेनिंग म्हणजे काय हे सांगत बसत नाही. नवं सॉफ्टवेअर, बांधकामाच्या नियमांचे सुधारित कोड, साइटवरची सुरक्षा. माणसं जातात, शिकून येतात. गरजेचंच आहे ते. पण बांधकाम सल्लागार फर्म ट्रेनिंगचे तास मोजते आणि त्यालाच 'संस्थात्मक शिक्षण', म्हणजे संस्थेनं स्वतः शिकणं, म्हणते, तेव्हा मला राहवत नाही.

एक प्रसंग घ्या. स्ट्रक्चरचं ड्रॉइंग साइटवर गेलं. शटरिंग (काँक्रीट ओतायचा साचा) लागलं, सळई बांधून झाली आणि मग एसीवाले विचारतात, बीममधून डक्ट, म्हणजे थंड हवेचा मार्ग, न्यायचा कुठून? सीनियर इंजिनियर धावपळ करून ओपनिंगची जागा ठरवतो, भोवतीच्या जादा सळईचा तपशील देतो, रिव्हिजन, म्हणजे सुधारित ड्रॉइंग, काढतो. चूक निस्तरली. तो इंजिनियर हे जन्मभर विसरणार नाही. फर्म मात्र त्याने राजीनामा दिला त्याच दिवशी विसरेल.

संस्था कशा शिकतात याचा अभ्यास करणाऱ्या ख्रिस आर्गिरिस आणि डोनाल्ड शॉन यांनी 1978 मध्ये मांडलेला भेद इथे कामाला येतो. आहे त्या चौकटीत चूक दुरुस्त करणं हा शिकण्याचा एकेरी फेरा. जिच्यामुळे चूक घडली ती चौकटच तपासणं हा दुहेरी. म्हणजे आपल्या प्रसंगात विचारायचं असं: डक्टचा मार्ग ठरण्याआधी बीमचं ड्रॉइंग बाहेर पडलंच कसं? कारण शोधत गेलं तर ते इंजिनियरच्या अज्ञानात नाही, करारात सापडू शकतं. फीचा हप्ता ड्रॉइंग दिल्यावर मिळतो, म्हणून ते घाईने सुटतं. अशा वेळी कितीही ट्रेनिंग द्या, उपयोग शून्य. हप्त्यांचे टप्पे आणि ड्रॉइंग सोडण्याचा क्रम बदलायला हवा. तो बदलला की काल रुजू झालेल्या पोराच्या हातूनही ती चूक सहजी होत नाही. फर्म शिकली की नाही, याची माझी कसोटी हीच.

प्रकल्प संपल्यावर भरलेलं आणि पुढच्या प्रकल्पाला कुणी न उघडलेलं 'लेसन्स लर्न्ड' रजिस्टर या कसोटीला उतरत नाही. आयएसओ 9001 या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाच्या 2015 च्या आवृत्तीतलं कलम 7.1.6 ज्ञान जपायला सांगतं, तसंच लागेल तिथे ते हाताशी असावं असंही सांगतं. ऑडिटपुरती फाइल ठेवणारे दुसरा भाग सोडून देतात. चाळीस पानी अहवालापेक्षा चेकलिस्टमध्ये वाढलेली एक ओळ मला केव्हाही जास्त मोलाची वाटते.

व्यवसायावरचा परिणाम उलाढालीत शोधू नका. तेजीत न शिकणाऱ्या फर्मचीही उलाढाल वाढते. फी ठोक ठरलेली असेल, तर स्वतःच्या चुकीपायी काढलेल्या रिव्हिजनचा प्रत्येक तास आपल्याच नफ्यातून जातो. म्हणून टाइमशीटमध्ये रिव्हिजनला दोन कोड द्या: क्लायंटने मागितलेला बदल एकात, आपली चूक दुसऱ्यात. दुसऱ्या कोडखालचे तास प्रकल्पागणिक उतरताना दिसले, तर फर्म शिकतेय असं मी मानेन.