ओलाव्यात वाळणारा चीक

एबोनाइटचं जुनं पेन बोटानं खसाखसा घासा आणि नाकाशी धरा. गंधकाचा वास येतो. रबरात भरपूर गंधक घालून तापवलं की एबोनाइट तयार होतं. हलकं, टणक, लेथवर कातायला सोपं. पण उजेड आणि दमट हवा लागून काही वर्षांत त्याचा काळा रंग उतरतो. माझ्या आजोबांच्या पेनाचं टोपण आतून अजून कोळशासारखं काळं आहे, बाहेरून मात्र शेवाळल्यासारखं मातकट.

१९१८ साली र्‍योसुके नामिकी आणि मासाओ वादा यांनी टोकियोत पेनांची कंपनी काढली. तीच पुढे ‘पायलट’ झाली. एबोनाइटची ही खोड त्यांनाही छळत होती. त्यावरचा इलाज जपानी माणसाच्या रोजच्या जेवणाच्या वाडग्यावरच होता: उरुशीचा लेप.

उरुशी म्हणजे एका झाडाचा चीक. दहा-पंधरा वर्षांच्या झाडाला हंगामभर खाचा पाडल्या तर जेमतेम २०० ग्रॅम मिळतो. आपला बिब्बा याच कुळातला, आणि आंबा-काजूही. बिब्बा उततो तशीच ओली उरुशीही अंगावर उतते, कारण दोघांतली दाहक द्रव्यं रचनेनं जवळजवळ भावंडं आहेत.

मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते तिचं वाळणं. आपण रंग दिला की वस्तू उन्हात ठेवतो. उरुशी कोरड्या हवेत चिकटच राहते. तिला मुद्दाम ओलसर ठेवलेल्या लाकडी कपाटात, ७०-८० टक्के आर्द्रतेत ठेवावं लागतं. चिकातच लॅकेज नावाचं विकर असतं. त्याच्या रेणूत तांबं असतं. हे विकर हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीनं उरुशिऑलचे, म्हणजे चिकातल्या त्या दाहक द्रव्याचे, रेणू एकमेकांत गुंफतं, आणि या कामाला त्याला ओलावा हवा. पाणी उडून जाण्याशी या वाळण्याचा संबंध फार थोडा. हे काम एका विकराचं आहे, हे हिकोरोकुरो योशिदा यांनी १८८३ मध्येच दाखवलं होतं. एकदा जाळं घट्ट विणलं गेलं की आम्ल, अल्कोहोल, शाई, कशालाच ते दाद देत नाही. काळ्या रंगासाठी चिकात लोह मिसळतात. लोहाशी संयोग होऊन चीकच काळा पडतो.

या लेपावर सोन्यानं नक्षी काढण्याची जपानी कला म्हणजे ‘माकी-ए’, शब्दशः शिंपडलेलं चित्र. कारागीर बारीक कुंचल्यानं उरुशीची रेघ ओढतो. ती ओली असतानाच, टोकाला रेशमी कापड बांधलेल्या नळीत सोन्याची पूड घेऊन नळीवर बोटानं हलके टिचक्या मारतो. पूड रेघेवर बसते. मग पुन्हा लेप, पुन्हा ओलं कपाट, पुन्हा कोळशानं घासणं, आणि एका पेनासाठी हे महिनोन् महिने चालतं. १९२६ मध्ये नामिकींकडे आलेले माकी-ए कारागीर गोनरोकु मात्सुदा पुढे जपानचे ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ ठरले; पारंपरिक कलेतल्या श्रेष्ठांना तिथलं सरकार देतं तो हा मान. १९३० पासून ही पेनं डनहिल या इंग्रज कंपनीमार्फत युरोपातही विकली गेली.

शेवटचा हात कुंचल्याचा नसतोच. हरणाच्या शिंगाची वस्त्रगाळ पूड आणि थेंबभर तेल घेऊन कारागीर बोटाच्या पेरानं पेन चोळत राहतो, त्यात स्वतःचा चेहरा दिसेपर्यंत.