अणुरचना आणि रासायनिक बंध (सेंद्रिय रसायनशास्त्राचा पाया)

अणुरचना आणि रासायनिक बंध हा सेंद्रिय रसायनशास्त्राच्या अभ्यासक्रमाचा आरंभीचा भाग असून कार्बनच्या अणूतील इलेक्ट्रॉनांची मांडणी, तिच्यावरून ठरणारी संयुजा (अणू किती बंध करतो ती संख्या) आणि बंधांची लांबी, बळ व दिशा यांचा विचार त्यात केला जातो. खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत, तो अकरावीच्या विज्ञान शाखेत प्रथम शिकवला जातो आणि पदवीच्या पहिल्या वर्षी अधिक खोलात जाऊन पुन्हा येतो. तेथील पदवी महाविद्यालये बहुतांशी जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी (स्थापना १९९०) संलग्न आहेत. हा भाग दोन-चार तासिकांत उरकून अभिक्रियांकडे वळण्याची घाई पुष्कळदा होते, आणि मग पुढच्या अभिक्रिया पाठ करण्यावाचून विद्यार्थ्याला गत्यंतर राहत नाही. वास्तविक या भागातील मध्यवर्ती कल्पना, म्हणजे पाय (π) बंध, अर्थात दुहेरी व तिहेरी बंधांत पहिल्या बंधाखेरीज असणारा दुबळा बंध, समजावून घेण्यास खानदेशाइतकी सोयीची भूमी क्वचितच सापडेल.

कार्बनची चतुःसंयुजा, म्हणजे चार बंध करण्याची क्षमता, रसायनशास्त्रज्ञ केकुले व कूपर यांनी १८५८ मध्ये स्वतंत्रपणे मांडली आणि कार्बनचे चारही बंध चतुष्फलकाच्या (चार त्रिकोणी बाजूंच्या घनाकृतीच्या) कोपऱ्यांकडे रोखलेले असतात हे व्हांट हॉफ व ल बेल यांनी १८७४ मध्ये सुचवले. इलेक्ट्रॉनचा शोध त्यानंतर, १८९७ मध्ये लागला. याचा अर्थ रेणूंचा आकार रसायनशास्त्रज्ञांनी पदार्थांच्या वर्तनावरून आधी ताडला आणि त्याचे कारण मागाहून सापडले. दोन अणूंनी इलेक्ट्रॉनांची जोडी वाटून घेणे म्हणजे सहसंयुज बंध, ही कल्पना लुईस यांनी १९१६ मध्ये मांडली. हाइटलर व लंडन यांनी १९२७ मध्ये तिला पुंजयांत्रिकीचा (क्वांटम मेकॅनिक्सचा) आधार दिला.

कार्बनचा अणुक्रमांक ६ आहे. त्याचे दोन इलेक्ट्रॉन आतील कवचात असतात आणि बाहेरील कवचातील चारांपैकी दोन २एस कक्षकात (कक्षक म्हणजे इलेक्ट्रॉन आढळण्याचा प्रदेश; एस व पी हे त्याचे प्रकार) जोडीने, तर उरलेले दोन २पी कक्षकांत एकेकटे असतात. एवढ्यावरून पाहता कार्बनने दोनच बंध करावेत. प्रत्यक्षात मिथेनमध्ये तो चार बंध करतो, ते चारही १०९ पिकोमीटर लांबीचे असतात आणि त्यांच्यातील कोन १०९.५ अंशांचे असतात. ही विसंगती दूर करण्यासाठी पाउलिंग यांनी १९३१ मध्ये संकरणाची कल्पना पुढे आणली. एक एस व तीन पी कक्षकांच्या गणिती मिश्रणातून चार समान एसपी३ कक्षक मिळतात आणि त्यांच्या दिशा आपोआप चतुष्फलकी येतात. येथे एक गैरसमज हटकून रुजतो. फळ्यावर आधी मूल अवस्था, मग उत्तेजित अवस्था, मग संकरित अवस्था अशी चित्रे क्रमाने काढली जात असल्यामुळे कार्बनचा अणू खरोखरच या पायऱ्या चढत जातो असे विद्यार्थ्याला वाटते. तसे काही घडत नाही. संकरण ही रेणूचा आकार सांगण्याची गणिती रीत आहे. मिथेनच्या प्रकाश-इलेक्ट्रॉन वर्णपटात (प्रकाशाने बाहेर पडलेल्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेच्या नोंदीत) संयुजा इलेक्ट्रॉनांच्या दोन वेगळ्या ऊर्जापातळ्या दिसतात, त्यांचा उलगडा चार समान कक्षकांच्या चित्राने सरळ होत नाही, त्यासाठी रेणवीय, म्हणजे संपूर्ण रेणूभर पसरलेल्या, कक्षकांचा सिद्धांत लागतो. तरीही आकार व कोन समजण्यापुरते संकरण इतके सोयीचे आहे की ते सोडण्याचे कारण नाही.

तीन हायड्रोकार्बने शेजारी ठेवली की एकेरी, दुहेरी व तिहेरी हे बंधांचे तिन्ही प्रकार दिसतात. इथेनमध्ये दोन कार्बन एकाच सिग्मा बंधाने, म्हणजे अणूंना जोडणाऱ्या रेषेवरच तयार होणाऱ्या बंधाने, जोडलेले असतात व त्यांच्यातील अंतर सुमारे १५४ पिकोमीटर असते. एथिलीनमध्ये कार्बनचे संकरण एसपी२ असते. सिग्मा बंधाखेरीज, संकरणात न गुंतलेले पी कक्षक रेणूच्या प्रतलाच्या वर व खाली एकमेकांवर येऊन पाय बंध तयार होतो आणि अंतर १३४ पिकोमीटरवर येते. ॲसिटिलीनमध्ये एसपी संकरण, एक सिग्मा व दोन पाय बंध, सरळ रेषेतील रेणू आणि १२० पिकोमीटर अंतर आढळते. एकेरी बंधाची ऊर्जा प्रतिमोल सुमारे ३४७ किलोजूल, तर दुहेरी बंधाची सुमारे ६११ किलोजूल आहे. दुहेरी बंध एकेरीच्या दुप्पट बळकट नसतो, कारण पाय बंध सिग्मापेक्षा दुबळा असतो. त्याचे इलेक्ट्रॉन उघड्यावर असल्यामुळे इतर अणूंना ते सहज हाती लागतात.

रावेर, यावल, चोपडा या केळीच्या पट्ट्यात हा फरक रोजच्या व्यवहारात दिसतो. घड हिरवे असतानाच कापले जातात आणि फण्या सोडवून त्या रायपनिंग चेंबरमध्ये साधारण १६ ते १८ अंश सेल्सिअस तापमानाला एथिलीन देऊन पिकवल्या जातात. हवेच्या दशलक्ष भागांत १०० भागांपर्यंत एथिलीन वापरण्यास भारतात परवानगी आहे. फळातील एथिलीनग्राही प्रथिनात तांब्याचा आयन असतो व एथिलीनचे पाय इलेक्ट्रॉन त्याच्याशी बांधले जातात. त्यानंतर फळ स्वतःच एथिलीन तयार करू लागते, स्टार्चची साखर होते आणि सालीतील हरितद्रव्य नाहीसे होते. दोनच कार्बन असलेला, पण पाय बंध नसलेला इथेन वायू चेंबरमध्ये कितीही सोडला तरी केळी पिकत नाहीत. ॲसिटिलीनने पिकतात, मात्र त्याला मात्रा फार मोठी लागते. कॅल्शियम कार्बाईडच्या पुडीवर ओलावा पडला की हाच वायू निघतो. बाजारी कार्बाईडमध्ये फॉस्फीन व आर्सीन देणारी अशुद्धी असल्याने फळे पिकवण्यासाठी ते वापरण्यास २०११ च्या अन्नसुरक्षा विनियमांनी बंदी आहे. बंधांच्या दृष्टीने कार्बाईड स्वतःही लक्षणीय आहे, कारण त्यात कॅल्शियमचा आयन व दोन कार्बनांचा ऋण आयन यांच्यात आयनिक बंध, तर त्या दोन कार्बनांमध्ये सहसंयुज तिहेरी बंध असतो.

पाय बंधाचा दुसरा गुण म्हणजे तो बंधाभोवती फिरू देत नाही, आणि त्याचे उदाहरण अमळनेरला मिळते. वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी तेथे १९४५ मध्ये वनस्पती तुपाच्या उत्पादनासाठी स्थापन झाली; पुढे तीच विप्रो झाली. सरकीच्या तेलात सर्वाधिक प्रमाण लिनोलिक आम्लाचे असते. त्याच्या अठरा कार्बनांच्या साखळीत दोन सिस (साखळीचे दोन्ही भाग बंधाच्या एकाच बाजूला असलेले) दुहेरी बंध असतात आणि त्यांच्यामुळे साखळीला बाक येऊन रेणू एकमेकांना खेटून बसत नाहीत, म्हणून तेल पातळ राहते. निकेल उत्प्रेरकावर हायड्रोजन दिला की पाय बंध नाहीसे होऊन साखळ्या सरळ होतात व तेल थिजते. अठरा कार्बनांचेच पण पूर्ण संपृक्त (दुहेरी बंध नसलेले) स्टिअरिक आम्ल सुमारे ६९ अंशांना वितळते, एक सिस बंध असलेले ओलिक आम्ल सुमारे १३ अंशांना, आणि त्याचाच ट्रान्स (साखळीचे भाग विरुद्ध बाजूंना असलेला) समघटक, म्हणजे तेच अणू पण वेगळी मांडणी, असलेले इलायडिक आम्ल सुमारे ४५ अंशांना. अर्धवट हायड्रोजनीकरणात काही सिस बंध ट्रान्स होऊन बसतात. वनस्पती तुपातील ट्रान्स फॅटचा आरोग्याशी निगडित प्रश्न उभा राहतो तो यातूनच. वर्गात सिस-ट्रान्स शिकवताना या तीन वितळणबिंदूंचा तक्ता फळ्यावर लिहिला, तर व्याख्येची निम्मी जबाबदारी कमी होते.

अमोनियातील १०७ अंशांचा व पाण्यातील १०४.५ अंशांचा कोन हे बंधात न गुंतलेल्या इलेक्ट्रॉन-जोड्यांच्या प्रतिकर्षणाने मिथेनच्या कोनापेक्षा लहान झालेले असतात. अशा जोड्या रेखाटनात गाळण्याची सवय मात्र पुढे अभिक्रियांची यंत्रणा शिकताना नडते.

बंधांची ध्रुवीयता, म्हणजे त्यांच्या टोकांवरील विद्युतभारातील तफावत, विद्युतऋणतेतील (बंधातील इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढण्याच्या शक्तीतील) फरकावरून ठरते. पाउलिंग मापश्रेणीवर कार्बन २.५५, हायड्रोजन २.२० आणि ऑक्सिजन ३.४४ असल्याने कार्बन-हायड्रोजन बंध जवळपास अध्रुवीय, तर ऑक्सिजन-हायड्रोजन बंध ठळकपणे ध्रुवीय असतो. खानदेशातील कपाशीचा धागा म्हणजे सेल्युलोज असून त्याच्या प्रत्येक ग्लुकोज घटकावर तीन हायड्रॉक्सिल गट असतात. हे गट शेजारच्या साखळ्यांशी आणि हवेतील बाष्पाशी हायड्रोजन बंध करतात. असा एकेक बंध प्रतिमोल साधारण २० किलोजूलचा, म्हणजे सहसंयुज बंधापुढे किरकोळ असतो, परंतु त्यांची संख्या प्रचंड असते. यामुळे ६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेत कापूस कोरड्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के पाणी धरून ठेवतो, तर असे हायड्रॉक्सिल गट साखळीवर नसलेल्या पॉलिएस्टरमध्ये हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही खाली राहते. सुती कापडावर पाणी शिंपडून इस्त्री फिरवली असता साखळ्यांमधील जुने हायड्रोजन बंध सुटतात आणि पाणी उडून जाताना, कापड ज्या स्थितीत दाबलेले असते त्याच स्थितीत नवे बंध जुळतात.